इनटेकचं तापमान वारंवार चढतंय: कूलिंग प्लेट आणि कोल्ड एअर इनटेकने ते खरंच उतरतं का?

लक्षणं ओळखीची आहेत. बाहेर ३२° से. असताना स्कॅनरवर इनटेक एअर टेम्परेचर (इंजिनमध्ये जाणाऱ्या हवेचं तापमान), म्हणजे आयएटी, ६०–६५ दाखवतं. थांबून निघताना गाडी जड वाटते, दोन-तीन किलोमीटर चालली की मोकळी होते आणि पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. मग कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) बसतो, मॅनिफोल्डखाली (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या भागाखाली) प्लेट जाते, थ्रॉटल बॉडीचं (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या भागाचं) कूलंट बायपास होतं. आकडा काही दिवस उतरल्यासारखा वाटतो आणि परत चढतो.

उत्तर आधी सांगतो. गाडी चालती असताना आयएटी किती राहील हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं: हवा आत घेणारं तोंड कुठे आहे आणि त्याला इंजिन बेची (बॉनेटखालच्या जागेची) गरम हवा मिळते की बाहेरची. नळी कोणत्या धातूची, तिच्यावर कोणता लेप, मधे कोणती प्लेट, हे सगळं त्यानंतर येतं. इन्सुलेटिंग (उष्णता अडवणाऱ्या) प्लेटचा खरा उपयोग ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड असलेल्या इंजिनांपुरता आहे, आणि तिथेही ठरावीक परिस्थितीत. आयएटी वारंवार चढत असेल तर बहुतेक वेळा कुठलीतरी मूळ नळी, सील किंवा शील्ड जागेवर नसते. म्हणून सुटा भाग विकत घेण्याआधी पुढच्या तपासण्या करा.

आकडा बघताना फरक बघा

नुसत्या आयएटीला अर्थ नाही. आयएटीमधून बाहेरच्या हवेचं तापमान वजा करा. खाली ‘फरक’ म्हटलंय ते हेच. सकाळी २४° ला घेतलेली नोंद आणि दुपारी ३६° ला घेतलेली नोंद शेजारी ठेवून ‘प्लेटने १२ अंश उतरवले’ म्हणणं ही या विषयातली सगळ्यात मोठी फसगत आहे.

पूर्ण गरम झालेल्या आणि धडधाकट पेट्रोल गाडीत एकसारख्या वेगाने चालताना हा फरक साधारण ५ ते १५ अंश असतो. आयडलवर उभी असताना तो २० ते ४० पर्यंत जातो, आणि तो आजार नाही. गरम इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटांनी चालू केलं तर त्याहूनही जास्त दिसेल, कारण बेमधली उष्णता सेन्सरपर्यंत मुरलेली असते. चालायला लागल्यावर एक ते तीन मिनिटांत आकडा खाली यायला हवा. एकसारख्या वेगाने दहा मिनिटं चालूनही फरक २५ च्या वर राहत असेल तर दोष आहे, तो शोधायचा.

सेन्सर खरं बोलतोय का

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं इग्निशन सकाळी चालू करा, इंजिन नको. आयएटी, कूलंटचं तापमान आणि बाहेरचं तापमान, तिन्ही तीन-चार अंशांच्या आत जुळली पाहिजेत. एकटं आयएटीच दहा अंशांनी वेगळं असेल तर सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर संशयित.

सेन्सर एनटीसी प्रकारचा असतो: तापमान वाढलं की रोध घटतो. बऱ्याच गाड्यांत २०° ला २ ते ३.५ किलोओहम आणि ८०° ला ३०० ते ३५० ओहमच्या आसपास मिळतो. नेमके आकडे आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. कनेक्टर काढल्यावर स्कॅनरने –४० दाखवलं पाहिजे आणि दोन पिना तारेने जोडल्या तर आकडा एकदम वर गेला पाहिजे. दोन्ही झालं तर वायरिंग आणि ईसीयू (इंजिनचा नियंत्रक संगणक) ठीक, दोष सेन्सरमध्ये. ८०° ला रोधात दहा-वीस ओहमचा फरकही एक-दोन अंशांचा असतो, त्यामुळे हिरवट पडलेल्या पिना आधी स्वच्छ करा.

मग सेन्सर बसलाय कुठे ते शोधा. ही पायरी लोक सर्रास गाळतात. तो एअर बॉक्सच्या (फिल्टरच्या डब्याच्या) लगेच पुढे, आत जाणारी हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरच्या आतच असेल, तर मॅनिफोल्डखालच्या प्लेटचा परिणाम त्याला दिसणंच शक्य नाही. हवा त्याला ओलांडून मग प्लेटपाशी पोहोचते. अशा गाडीत प्लेट बसवल्यावर आयएटी उतरलं असेल तर त्या दिवशी दुसरं काहीतरी बदललं होतं. उलट सेन्सर धातूच्या मॅनिफोल्डमध्येच बसवलेला असेल तर तो हवेइतकंच मॅनिफोल्डच्या अंगाचं तापमानही सांगतो. प्लेटने मॅनिफोल्ड थंड राहिला की आकडा भरपूर उतरतो, पण हवा तेवढी उतरलेली नसते. टर्बो गाड्यांत बऱ्याचदा दोन सेन्सर असतात, एक फिल्टरनंतर आणि एक इंटरकूलरनंतर (टर्बोने तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीनंतर). स्कॅनर कोणता दाखवतोय याची खात्री करून घ्या.

आयडलचा आकडा का फसवतो

१.५ ते २ लिटरचं पेट्रोल इंजिन आयडलवर सेकंदाला साधारण ३ ग्रॅम हवा घेतं. ८० किमी वेगाने सपाट रस्त्यावर १२ ग्रॅमच्या आसपास. २ लिटरचं बिनटर्बो इंजिन ६५०० आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर ११० ग्रॅम. एक ग्रॅम हवा एक अंशाने तापवायला साधारण १ ज्यूल लागतो. समजा वाटेत हवेला ९० वॅट उष्णता मिळतेय. आयडलवर त्याने हवा ३० अंश तापेल, ८० च्या वेगाला साडेसात, आणि पूर्ण थ्रॉटलवर एक अंशही नाही.

वेगाने वाहणारी हवा भिंतीतून उष्णता जास्त ओढते हे खरं. पण बेमधल्या हवेकडून नळीला मिळणारी उष्णता मर्यादित असते, त्यामुळे नळीच थंड होत जाते आणि हिशोब फारसा बदलत नाही. ७५ मिमी व्यासाच्या, ६० सेंमी लांबीच्या नळीतून पूर्ण थ्रॉटलवर हवा सेकंदाच्या तीन शतांशांहूनही कमी वेळात पार होते. नळी प्लास्टिकची असो, ॲल्युमिनियमची असो की सोनेरी टेप गुंडाळलेली, जोर लागतो त्या क्षणी फरक अंशाच्या आसपासच राहतो.

म्हणून उभ्या गाडीत आकडा उतरल्याचे फोटो कशाचाच पुरावा नाहीत. आयडलवर ताकदीची गरजच नसते. थांबून निघतानाची पहिली काही सेकंदं तेवढी खरी अडचणीची.

फायद्याची मर्यादाही माहीत असू द्या. ३०° वरून ४०° ला गेलं की हवेची घनता ३.२ टक्के घटते. ताकद मात्र तितकी घटत नाही: एसएई जे१३४९ या इंजिनची ताकद मोजण्याच्या मानकात तापमानाची दुरुस्ती वर्गमुळाने केली जाते, त्या हिशोबाने १० अंशांमागे साधारण १.६ टक्के. १०० अश्वशक्तीच्या इंजिनात दीड अश्वशक्ती. खरा तोटा होतो तो ईसीयूने इग्निशन टायमिंग मागे घेतल्याने, म्हणजे ठिणगी उशिरा टाकल्याने. ४५–५० अंशांच्या पुढे नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) टाळण्यासाठी बऱ्याच गाड्यांत हे सुरू होतं, आणि गाडी जड वाटते ती याने. त्यामुळे लॉगमध्ये आयएटीसोबत टायमिंग ॲडव्हान्सही घ्या. सारख्याच आरपीएम आणि लोडला टायमिंग बदललेलं नसेल तर उतरलेल्या आकड्याने गाडीच्या हाती काही लागलेलं नाही.

दोष कुठे सापडतो

क्रम असा ठेवा, कारण वरच्या गोष्टी जास्त वेळा निघतात आणि फुकटात दुरुस्त होतात.

एअर बॉक्सपासून ग्रिलच्या मागे किंवा फेंडरमध्ये जाणारी नळी आधी बघा. बंपर किंवा हेडलाइट काढून बसवताना ती हमखास सुटते किंवा तिचा जोड उघडा राहतो. दिसायला सगळं जागेवर असतं, पण हवा रेडिएटरच्या मागून घेतली जाते. दोन बोटांइतकी फट पुरते. मग एअर बॉक्सच्या झाकणाच्या क्लिपा आणि फिल्टरची कड. फिल्टर तिरका बसला असेल तर गरम हवेबरोबर धूळही आत जाते, आणि ते तापमानापेक्षा वाईट.

त्यानंतर रेडिएटरच्या बाजूंचे फोम आणि रबरी पट्ट्या, आणि इंजिनखालचं प्लास्टिकचं आवरण. या पट्ट्या नसल्या की रेडिएटरमधून निघालेली गरम हवा बाजूने वळसा घेऊन पुन्हा पुढे येते, विशेषतः फॅन चालू आणि गाडी उभी असताना. इनटेकचं तोंड अगदी योग्य जागी असूनही आयएटी चढतं ते यामुळे. बॉनेटच्या मागच्या कडेचं रबर ‘हवा खेळावी’ म्हणून काढून टाकलेलं असेल तर परत लावा. वेगात विंडस्क्रीनपाशी दाब जास्त असतो, तिथून हवा बाहेर जाण्याऐवजी आत येते.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरची पत्र्याची हीट शील्ड गंजून गळाली असेल तर नवीन बसवा. एकूण बेचं तापमान उतरवायला तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. रेडिएटर फॅनचा वेगवान टप्पा चालतोय का तेही तपासा.

डिझेलमध्ये, आणि ज्या पेट्रोल गाडीत सेन्सर ईजीआरच्या (एक्झॉस्टचा काही वायू परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या मार्गाच्या) पुढे आहे तिथे, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह आयएटी सरळ ७०–८० वर नेतो. काजळीने पाकळी पूर्ण बंद होत नाही. असं असेल तर बाहेरून कितीही थंड हवा दिली तरी उपयोग नाही. व्हॉल्व्ह काढून साफ करा किंवा बदला.

इनटेक किट

गाडीचं मूळ इनटेक बहुतेक वेळा आधीच बाहेरची हवा घेत असतं. त्या जागी बेमध्ये उघडा कोन फिल्टर बसवला की आयएटी चढतं, उतरत नाही. आवाज वाढतो, त्यामुळे ताकद वाढल्यासारखी वाटते. कोनाभोवती शील्ड असेल तर तिची वरची कड बॉनेटच्या आतल्या बाजूला रबराने टेकली पाहिजे आणि मूळ नळी त्या कप्प्यात उघडली पाहिजे. तीन बाजूंनी पत्रा आणि वर मोकळं, अशी शील्ड शोभेची आहे. नीट टेकते का बघायला कडेला थोडी माती किंवा ग्रीस लावून बॉनेट एकदा बंद करा. ठसा सलग उमटला पाहिजे.

फिल्टर फेंडरमध्ये खाली नेणारं किट तापमानासाठी खरोखर चांगलं असतं. पण साचलेल्या पाण्यातून जाताना फिल्टर बुडाला तर पाणी सिलिंडरमध्ये जातं, आणि पाणी दाबलं जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतात. गाडी पाण्यातून जाण्याची शक्यता असेल तिथे हे किट बसवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

किट बसवल्यावर दुसरी तक्रार येते ती मिश्रण पातळ होण्याची. मास एअरफ्लो सेन्सर ७० मिमीच्या नळीसाठी जुळवलेला आहे आणि किटची नळी ७६ मिमी असेल, तर क्षेत्रफळ १८ टक्के वाढतं. तेवढ्याच हवेचा वेग सेन्सरपाशी कमी होतो, तो १५ टक्के कमी मोजतो, इंधन कमी पडतं. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने इंधनात केलेली भरपाई, +१५ ते +१८ टक्क्यांच्या घरात जातो आणि पुढे पी०१७१ (मिश्रण पातळ) कोड येतो. सेन्सरच्या जागी व्यास मूळ नळीइतकाच हवा, आणि त्याच्या आधी काही अंतर सरळ नळी हवी. तेल लावायच्या कापडी फिल्टरमध्ये तेल जास्त झालं तर ते सेन्सरच्या तारेवर बसतं आणि लक्षण अगदी असंच दिसतं. तार फक्त एमएएफ (मास एअरफ्लो) क्लीनरने धुवा, बोट किंवा बड लावू नका.

कूलिंग प्लेट: कोणती, कुठे, कधी

या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली, फिनॉलिक किंवा तत्सम प्लास्टिकची इन्सुलेटिंग प्लेट, हेड (सिलिंडरांवरचं झाकण) आणि मॅनिफोल्डच्या मधे. ती काही थंड करत नाही, हेडची उष्णता मॅनिफोल्डकडे जाण्याची वाट अडवते. मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा असेल तर अर्थ आहे, कारण ९०° च्या हेडला चिकटलेला तो सतत तापत राहतो आणि नळीसारखा पटकन थंड होत नाही. मागून हेडची उष्णता येतच असते. पण तुमचा मॅनिफोल्ड काळ्या ग्लासफायबर-नायलॉनचा असेल तर तो स्वतःच इन्सुलेटर आहे. तिथे प्लेट घालणं म्हणजे सांध्यांची संख्या वाढवणं.

ॲल्युमिनियमच्या बाबतीतही दोन मर्यादा. मॅनिफोल्डला बेच्या गरम हवेकडूनही उष्णता मिळते, ती प्लेट थांबवत नाही. तासभर रखडत चाललं तर प्लेट असूनही मॅनिफोल्ड तापतोच, फक्त उशिरा. आणि स्टीलचे बोल्ट प्लेट ओलांडून उष्णता नेतात. १० मिमी प्लेटमधून आठ एम८ बोल्ट मिळून, प्लेटच्या प्लास्टिकमधून जाते त्याहून जास्त उष्णता नेऊ शकतात.

दुसरी, ॲल्युमिनियमची प्लेट, कधी पंख्यांसारख्या फिन्स असलेली. ॲल्युमिनियम उष्णता उत्तम वाहून नेतं, त्यामुळे अडवण्याचं काम ती करत नाही. ७० अंशांच्या बेमधल्या फिन्स ४० अंशांच्या हवेला थंड कशा करतील? त्या तिला उष्णताच देतील. ही प्लेट घेऊ नका. इंजिनचंच कूलंट फिरवणारी प्लेटही याच वर्गात: ९०° च्या कूलंटने हवा थंड होत नाही. वेगळा रेडिएटर आणि वेगळा पंप असलेली रचना ही निराळी गोष्ट.

तिसरी, थ्रॉटल बॉडीखालची पातळ प्लेट किंवा तिथल्या कूलंटचा बायपास. हवा त्या पाच-सहा सेंमीच्या भागातून इतक्या लवकर जाते की फरक मोजण्याच्या चुकीत हरवतो. शिवाय ते कूलंट थंड, दमट हवेत थ्रॉटलच्या पाकळीवर बर्फ धरू नये म्हणून असतं, आणि काही जुन्या इंजिनांत आयडल सांभाळणारा मेणाचा व्हॉल्व्ह त्याच्यावरच चालतो. तो बायपास केला की गरम इंजिनचंही आयडल वर अडकतं.

इन्सुलेटिंग प्लेट बसवायची ठरलीच तर: मूळ बोल्ट आणि स्टडपेक्षा प्लेटच्या जाडीइतके लांब घ्या, ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये आटे व्यासाच्या दीडपट तरी धरले पाहिजेत, म्हणजे एम८ ला १२ मिमी. प्लेटच्या दोन्ही बाजूंना गॅस्केट. पोर्टची भोकं प्लेटच्या भोकांशी आधीच जुळवून बघा, कड आत डोकावता कामा नये. मॅनिफोल्डमधून कूलंट जात असेल तर त्यासाठी भोकं असलेलीच प्लेट हवी. फ्युएल रेल आणि मॅनिफोल्डचे खालचे आधार १० मिमीने सरकतात. आधाराचा ब्रॅकेट ओढून बसवला तर मॅनिफोल्डवर ताण येऊन तडा जातो. बॉनेट बंद होतं का तेही बघा. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. प्लास्टिक उष्णतेत थोडं दबतं, म्हणून दोन-तीन वेळा गरम-थंड झाल्यावर, थंड इंजिनवर, पुन्हा टॉर्क तपासा. हे राहिलं की महिन्या-दोन महिन्यांत हवा गळायला लागते. आयडलवर ट्रिम +१० च्या वर आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ, असं दिसलं तर गळती आहे. सगळ्या आरपीएमला ट्रिम वरच असेल तर दोष एअरफ्लो सेन्सरकडे शोधा.

टर्बो असेल तर

इथे गणित बदलतं. ३०° ची हवा १ बार बूस्टला (वातावरणाहून १ बार जास्त दाबाला), ७० टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून सुमारे १२५° ला बाहेर पडते. ७० टक्के परिणामकारक इंटरकूलर तिला ५८–५९ वर आणतो. आता फिल्टरपाशी हवा १० अंश जास्त गरम असेल, म्हणजे ४०°, तर इंटरकूलरनंतर ती ६२–६३ मिळते. दहातले सहा अंश इंटरकूलरच खातो. तोच इंटरकूलर ७० वरून ८० टक्क्यांवर नेला तर ५८ चे ४९ होतात. म्हणून टर्बो गाडीत आधी इंटरकूलरच्या फिन्समधला चिखल-किडे कमी दाबाच्या पाण्याने धुवा, वाकलेल्या फिन्स सरळ करा, त्याच्याकडे हवा वळवणाऱ्या पट्ट्या जागेवर आहेत का बघा.

बदल करून मोजायचं कसं

इंजिन वीस मिनिटं चालवून पूर्ण गरम करा. नोंद तीन परिस्थितींत घ्या: दहा मिनिटं आयडल, त्यानंतर निघाल्यापासूनची तीन मिनिटं, आणि एकसारख्या ८० च्या वेगाने दहा मिनिटं. पूर्ण थ्रॉटलची नोंद बंद ट्रॅकवर किंवा डायनोवरच (ताकद मोजण्याच्या यंत्रावर). आयएटी, बाहेरचं तापमान, एअरफ्लो, लोड, टायमिंग आणि वेग एकत्र लॉग करा. प्रत्येक तीनदा. मग बदल करा, पुन्हा मोजा, आणि शेवटी मूळ भाग परत बसवून तिसऱ्यांदा मोजा. मूळ भागाचे दोन संच एकमेकांशी तीन अंशांच्या आत जुळत नसतील तर मधल्या संचातला चार अंशांचा फरक मोजू नका.

गाडीचा सेन्सर सावकाश चालतो. निघतानाचा फरक पकडायचा असेल तर उघड्या, बारीक टोकाचा के-प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) थ्रॉटलच्या जरा आधी, भिंतीला न टेकता बसवा. इन्फ्रारेड थर्मामीटर हवा मोजतच नाही, पृष्ठभाग मोजतो, आणि चकचकीत ॲल्युमिनियमवर तो बराच कमी आकडा दाखवतो. वापरायचाच तर मॅट काळी टेप चिकटवून तिच्यावर धरा.

जुनी गाडी घेतली असेल तर आयएटीच्या वायरीत कुणी रेझिस्टर घातलाय का, किंवा सेन्सर काढून बंपरमागे नेलाय का, हेही तपासा. त्याने आकडा सुंदर दिसतो, हवा तीच राहते. थंड हवा समजून ईसीयू टायमिंग पुढे नेतो आणि पूर्ण लोडवर नॉकिंग सुरू होतं. असा रेझिस्टर सापडला तर काढून वायर मूळ स्थितीत सोल्डर करा, सेन्सर जागेवर आणा, ट्रिम आणि कोड पुसून किमान पन्नास किलोमीटर वेगवेगळ्या लोडवर चालवा, आणि त्यानंतरच वरची मोजणी सुरू करा.